आय ॲम कमिंग

"थांब जरा, अजून उजाडलं नाही," सिग्रून खिडकीकडे बोट दाखवत म्हणाली.

"मग कधी उजाडतं इथं?"

"आता या दिवसांत? साडेदहा."

मी कपाळावर हात मारला. साडेदहाला उठणारा सूर्य! आमच्या कऱ्हाडला साडेदहाला माझ्या शिवणक्लासाची पहिली बॅच घरी गेलेली असते. पण काय करता, दुसऱ्याच्या देशात आपलं घड्याळ चालत नाही. कोट चढवून, मफलर गुंडाळून, वर शाल घेऊन मी तिच्या स्वयंपाकघरात उजाडायची वाट बघत बसले.

सिग्रून सत्तरीची, ताडमाड उंच, एकटी राहणारी बाई. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. घर पत्र्याचं. आपल्याकडे पत्र्याचं घर म्हटलं की माणसं तोंड वाकडं करतात, तिथं त्याच पत्र्याला लाल रंग देऊन कौतुकानं मिरवतात. माझ्याशी इंग्रजीत बोलता बोलता ती मध्येच श्वास आत ओढून "या" म्हणायची. आल्या संध्याकाळी मला वाटलं, बाईला दमा आहे. मग कळलं, ते त्यांचं "हो".

खिडकी करडी झाली तशी मी उठले. बूट दाराशी काढायची पद्धत होती, ती मला फार आवडली. बूट चढवत होते तेवढ्यात आतून तिनं विचारलं, "कॉफी ठेवू?"

"नो, नो," मी म्हटलं. "आय ॲम कमिंग."

"या," तिनं श्वास आत ओढला आणि वळली. मी दार ओढून घेतलं.

आता मी तिथं कशाला गेले होते ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई बर्फात कशाला तडफडली. आमची केतकी दगडांच्या शास्त्रात बी.एस्सी. झाली आणि तिच्या मनानं घेतलं की पुढचं शिकायचं ते रेक्याविकला. आइसलँड नावाच्या देशाची ही राजधानी, नकाशात पार वरच्या कडेला. "आई, आपला सह्याद्री लाव्ह्याचाच झालाय. आपला निवला, तिथला अजून तापलेला आहे. मला तो तापलेला बघायचाय," असं ती माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून सांगायची. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण पोरीचे डोळे कळायचे.

आमच्या ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. माणूस सज्जन, पण एकदा "नाही" म्हणून तार तोडली की ती कुणाला जोडता येत नाही. का नाही, ते सांगायचे नाहीत. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी एका रात्री केतकी ताटावरून उठली. "तुम्ही पाठवा नाहीतर नका पाठवू. मी जाते म्हणजे जाते!" ह्यांचा घास हातातच राहिला. ताट सारून ते उठले, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी मी तोंड सोडलं. "काय होणार आहे पोरीला तिथं? माणसंच राहतात ना?"

"एवढी खात्री आहे, तर तू एक दिवस तिथं राहून दाखव एकटी. कोल्हापूरला लग्नाला जायचं तर तुला सोबत लागते."

"दाखवते!"

"आणि एक जरी फोन आला ना, शालन हरवली, शालन पडली, तर विषय बंद. मग त्या गावाचं नाव घरात काढायचं नाही."

"ठरलं," मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भावाकडे दुबईला जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट कोराच पडला होता, बाकीचं सगळं केतकीनं कंप्युटरवर बसून केलं. म्हणजे बघा, त्या दिवशी माझ्या दोन पायांवर माझ्या लेकीचं सगळं आयुष्य चाललं होतं. हरवायचं नाही, पडायचं नाही, कुणाला मदत मागायची नाही. पोचल्याचा फोन सिग्रूनच्याच मोबाइलवरून केला होता, कारण माझं कार्ड तिथं चालत नव्हतं. आता संध्याकाळी "सगळं नीट झालं" असा दुसरा फोन करायचा, की जिंकलो.

रस्त्यावर बर्फाचा पातळ थर गोठला होता. मी शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवरून चालावं तशी पावलं टाकत निघाले. गाव म्हणाल तर आमच्या कऱ्हाडपेक्षा फार मोठं नाही. राजधानी म्हणे! मंत्र्याची गाडी नाही, भोंगा नाही, धक्काबुक्की नाही. टेकडीवर एक भलंमोठं चर्च, त्याचा पुढचा भाग दगडी खांब रचल्यासारखा, कुठूनही दिसणारा. त्यालाच मी खूण केलं. जाताना पाठीशी ठेवायचं, येताना तोंडासमोर धरायचं, आणि त्याच्या अलीकडच्या गल्लीत लाल पत्रा शोधायचा. रस्त्यांची नावं पाठ करायचा प्रयत्न केला होता, पण एकेक नाव आमच्या गल्लीएवढं लांब. सोडून दिलं.

सूर्य आला तो वर चढलाच नाही. छपरांवरून आडवा सरकत राहिला. मी तळ्यावरचा पूल ओलांडला, बदकं बघितली, आणि विद्यापीठ बिनचूक सापडलं. इतकी खूश झाले म्हणता! एका बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरी बघितल्या. एकट्या यायच्या, एकट्या जायच्या, कुणी मागे वळून बघत नव्हतं. केतकीसाठी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं, आणि त्या थंडीनं मोबाइलनं मान टाकली. त्यातच तिनं भरून दिलेला नकाशा होता. वर बघितलं तर चर्च जागेवर होतं. जीव भांड्यात पडला.

येताना एका बेकरीत पाव घेतला. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "ब्लेस, ब्लेस!"

मी तिथल्या तिथं हात जोडले. केवढी संस्कारी पोर, गिऱ्हाइकाला आशीर्वाद देते! ती जरा गोंधळली, पण तिनंही हात जोडले.

आणि मग ती बाबागाडी.

एका कॉफीच्या दुकानाबाहेर, भिंतीला लागून, त्या गारठ्यात. आत सहा-सात महिन्यांचं बाळ, तोंड उघडं टाकून झोपलेलं, नाक लाल झालेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी पुढे गेले, परत मागे आले. अगं बाई, कुणाचं हे? विसरलं? का टाकून दिलं? दुकानाच्या काचेला वाफ धरलेली, आतलं काही दिसेना. आत जाऊन विचारावं तर तेवढ्यात कुणी उचलून नेलं म्हणजे? कुणाला हाक मारावी तर कुठल्या भाषेत?

मी उभी राहिले. दुसरं काय करणार? उजेड कमी व्हायला लागला होता, ते मला दिसत होतं. पाय बधिर झाले होते. मनात म्हणत होते, शालन, नीघ, अंधार पडला तर तू हरवशील, तू हरवलीस तर केतकी बसली घरातच. आणि पाय काही निघेनात. बर्फ भुरभुरायला लागला तशी मी कोटावरची शाल काढली आणि गाडीच्या टपावर धरून उभी राहिले.

किती वेळ गेला देव जाणे. दार उघडलं आणि एक तरणी बाई बाहेर आली. मला बघून थबकली.

"काही हवंय का?" तिनं विचारलं. आवाज गोड होता, पण हात चटकन गाडीच्या दांड्यावर गेला. म्हणजे बघा, मी राखण करत होते आणि तिला वाटलं, मीच पोर पळवतेय!

"बेबी अलोन!" मी म्हटलं. "व्हेरी कोल्ड! नोबडी!"

"एकटा नाहीये तो, झोपलाय," ती म्हणाली. "बाहेर चांगली झोप लागते. मी आत खिडकीशीच होते."

"आणि कुणी नेलं म्हणजे?"

"कोण?"

तिनं मला चिडवायला नाही हो विचारलं. खरंच विचारलं. कोण नेणार, हे तिला सुचतच नव्हतं. त्या एका "कोण"नं मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, ह्यांना हे सांगायचं. हे ऐकल्यावर तर "नाही" म्हणायला जागाच उरणार नाही. तिनं शालीवरचा बर्फ झटकून ती माझ्या खांद्यावर घातली, "ब्लेस, ब्लेस" म्हणाली आणि गाडी ढकलत निघून गेली.

मी खुशीत मान वर केली. चर्च नव्हतं.

होतं तिथंच असणार, जाणार कुठं! पण बर्फ असा दाट पडायला लागला होता की टेकडीच पुसली गेली. चार वाजले नसतील आणि रात्र झाली होती. मी अंदाजानं चढावर चालायला लागले. चढ संपला, उतार लागला, समोर समुद्राचा वास. परत फिरले. एक लाल घर दिसलं, धावत गेले, तर त्याच्या दारात सायकली. दुसरं लाल घर, ते दुकान निघालं. सगळी घरं लाल, नाहीतर दिव्याखाली लाल दिसणारी. एक माणूस कुत्रं घेऊन समोरून आला, त्याला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारायचं काय? सिग्रूनचं घर? पत्ता मोबाइलमध्ये, मोबाइल मेलेला. आणि तो म्हणाला, चला पोलिसांत, म्हणजे? झालंच मग. माणूस निघून गेला. मी एका भिंतीला टेकले आणि रडले. खोटं कशाला सांगू, लहान पोरासारखी रडले. थंडीची भीती नव्हती वाटत. भीती एवढीच होती की केतकी त्या स्टुलावर बसून माझ्याकडे बघेल आणि काही बोलणार नाही.

मागून एक गाडी हळू आली आणि शेजारी थांबली. काच खाली झाली. आत पोलिसाच्या वेशातली मुलगी, केतकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. एकटीच होती.

"शालान?"

माझी पाचावर धारण बसली. माझ्या तोंडून चक्क "नो" निघालं.

तिनं माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं, कोटाखालून लोंबणाऱ्या हिरव्या साडीकडे बघितलं. "नक्की?"

"आय ॲम नॉट लॉस्ट," मी म्हटलं. "आय ॲम वॉकिंग."

"बरं," ती म्हणाली. "मग बसून वॉकिंग करा. बर्फ फार आहे."

मी बसले. दोन वळणं घेतली आणि लाल पत्र्याचं घर आलं. दोन वळणं फक्त! दारात सिग्रून, घरातल्या सपाता घालून बर्फात उभी. मला बघून तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. पोलीस मुलगी तिच्याशी चार शब्द बोलली, मला "ब्लेस, ब्लेस" म्हणाली आणि गेली. मी त्यातही तिला हात जोडले.

"तिला कशाला नमस्कार करतेस?" सिग्रून म्हणाली.

"ती मला आशीर्वाद देतेय ना? ब्लेस?"

"ब्लेस म्हणजे बाय! निरोप!" आणि मग बाई माझ्यावर कडाडली. "तू सकाळी म्हणालीस, आय ॲम कमिंग! मला वाटलं, अंगणात गेलीस, येशील. मी कॉफी ठेवली. ती निवली, पुन्हा ठेवली. तळघरात बघितलं. मागच्या अंगणात बघितलं, पडलीस की काय म्हणून. तळ्यापर्यंत जाऊन आले. पाणी गोठलंय तिथं, बर्फ पातळ आहे, कुणी पाय टाकला तर... कमिंग, कमिंग! दिवसभर तू येतेच आहेस!"

काय झालं ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. आपण घरातून पाय काढताना काय म्हणतो? येते. मी तेच म्हटलं होतं. फक्त इंग्रजीत म्हटलं होतं.

"पोलिसांना सांगितलं," ती जरा नरमली. "आणि तुझ्या नवऱ्याला फोन केला."

संपलं सगळं. पडलेच असते एखाद्या गटारात तर बरं झालं असतं, असं वाटलं. मी सपाता न घालताच आत गेले, खुर्चीवर बसले. सिग्रूननं मोबाइल माझ्या हातात ठेवला. कऱ्हाडला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले असतील. एकाच घंटीत उचलला.

"अहो, मी पोचले घरी," मी म्हटलं.

"बरं."

"हरवले होते."

"बरं."

"पोलिसांच्या गाडीतून आले." म्हटलं, एकदाच सगळं सांगून टाकावं. "तुम्ही म्हणाला होता, फोन आला की विषय बंद. केतकीला मी काय ते सांगते. तुम्ही तिला बोलू नका."

मग म्हणाले, "शालन, त्या बाई रडत होत्या गं. मला निम्मं कळेना. नॉट फाउंड, नॉट फाउंड, एवढं कळलं. केतकी शेजारी बसून रडायला लागली. मग मी विचारलं, मॅडम, व्हॉट शी टोल्ड? जाताना काय म्हणाली? तर म्हणाल्या, शी सेड आय ॲम कमिंग. मी म्हटलं, परत सांगा. म्हणाल्या, आय ॲम कमिंग."

"मग?"

"मग मी म्हटलं, मॅडम, नो टेन्शन. शी सेड कमिंग, सो शी विल कम. आणि केतकीला म्हटलं, वाढ. जेवलो मी. आमटी चांगली झाली होती."

आत्ता कुठं मला तो पायरीवर बसलेला माणूस दिसला, हातातला घास टाकून उठलेला.

ह्यांचे थोरले भाऊ फौजेत होते. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. सुट्टी संपवून निघताना गाडी चुकेल म्हणून घाईत अंगणातूनच ओरडले, "जातो गं आई!" सासूबाई "जातो नाही रे, येतो म्हण" करत मागे धावल्या, तोवर ते फाट्याला पोचले होते. ते परत आले नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं, या घरात जाते म्हणायचं नाही. केतकीला कुणी शिकवलं नाही, कारण ती आपोआपच येते म्हणायची. त्या एका रात्रीपर्यंत. मी ज्याला राग समजले, ती भीती होती. आणि ही भीती त्यांनी आजवर मला एका शब्दानं सांगितली नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "मग विषय?"

"तिचा अर्ज भरायला सांग," ते म्हणाले. "पण जाताना नीट बोलून जा म्हणावं."

तिकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. स्टूल असणार. केतकी फोन हिसकावून घेत किंचाळली, आणि इकडं सिग्रून घाबरून विचारायला लागली, आता कोण हरवलं?

पुढच्या वर्षी ऑगस्टात केतकी निघाली. आम्ही दोघं मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेलो. ती ह्यांच्या पाया पडली. "बाबा, येते." ह्यांनी तिला उठवलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ब्लेस, ब्लेस." मी सांगितलेलं सगळं त्यांच्या ध्यानात होतं तर! पोरगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

ढकलगाडी घेऊन ती दाराशी गेली. तिथं बंदूकवाला शिपाई तिकीट बघत होता. तिथून वळून तिनं एवढ्या मोठ्यानं हाक घातली की सगळी रांग बघायला लागली. "बाबा, आय ॲम कमिंग!"

शिपाई आपल्याकडचाच होता. वैतागून म्हणाला, "ओ ताई, येताय का जाताय? एक काय ते ठरवा."

"येतेय ती," हे इकडून ओरडले. मग म्हणाले, "जाऊ द्या तिला."